प्रकरण ७ : घट्ट बांधलेली बॅग पडते कशी?

मोटारसायकलच्या मागे बांधलेली वस्तू वाटेत गळाली की माणूस पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो, "अरे, पण मी तर घट्ट बांधली होती!" तो खोटं बोलत नसतो. निघताना त्याने गुडघा टेकवून पट्टा ओढलेला असतो, बॅग हलवून पाहिलेली असते, वर दोन थापाही मारलेल्या असतात. तरी शंभर किलोमीटरवर बॅग नसते.

मीही हे वाक्य बोललो आहे, एका जुलैत, पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावकडे जाताना, विळ्याच्या फाट्यावर. मागच्या कॅरियरवर कॅमेऱ्याची बॅग होती, आणि तिच्या बाहेरच्या कप्प्यात काकांनी दिलेली ५० मिलिमीटरची जुनी लेन्स. सगळी धातूची. फोकसच्या कड्यावरचे आकडे एका ठिकाणी पुसट झालेले, कारण काकांचा अंगठा तीस वर्षं तिथेच पडायचा. फाट्यावर मी उतरलो, मागे पाहिलं, तर कॅरियरवर दोन रबरी दोर आडवे पडलेले आणि त्यांच्या खाली काहीच नाही.

बॅग गेली कशी, हे समजून घेतलं तर ती शोधायची कुठे हेही कळतं. म्हणून आधी बांधण्याचं गणित पाहू.

१. घट्टपणा मुरतो

धान्याचा डबा भरताना आई तो काठोकाठ भरते, मग जमिनीवर दोनदा आपटते, आणि डब्यात आणखी अर्धा किलो तांदूळ मावतो. आपटल्यावर दाणे एकमेकांच्या फटींत सरकून बसतात. तुमच्या बॅगेतही तेच होतं. फोमचे कप्पे, गुंडाळलेला टॉवेल, रेनकोट, चार्जरच्या वायरी हे सगळं पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या धक्क्यांत खाली बसतं. बॅगेची उंची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने कमी होते.

आता पट्ट्याकडे बघा. नायलॉनचा साधा पट्टा जीव खाऊन आवळला तरी फार तर अर्धा सेंटिमीटर ताणलेला असतो. त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या ताणावरच तो बॅगेला दाबून धरतो. बॅग एक सेंटिमीटर खाली बसली की ताण संपला. कोथरूडला वीणेच्या तारेसारखा वाजणारा पट्टा पौडला पोचेपर्यंत वाळत घातलेल्या दोरीसारखा झालेला असतो. यात गाठीचा दोष नाही. माल मुरला आणि दोर तेवढाच राहिला.

दुधाच्या किटल्या वाहणारे गवळी हे केव्हाचं ओळखून आहेत. ते दोर वापरत नाहीत, टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी वापरतात. रबर ३० सेंटिमीटर ताणून बांधलं आणि माल ३ सेंटिमीटर खाली बसला, तरी २७ सेंटिमीटरचा ताण उरतोच. म्हणजे पकड दहाएक टक्क्यांनीच कमी झाली. बाजारात मिळणारे आकड्यांचे रबरी दोर, म्हणजे बंजी, याच तत्त्वावर चालतात.

मग माझ्या बॅगेला तर दोन रबरी दोर होते. ती का पडली?

२. सेंटिमीटरभर हादरा

रबर मालाचं मुरणं सोसतं, पण उडणं अडवत नाही.

झोपाळा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, कारण काही क्षण सीट आपल्याखालून निघून जात असते. वस्तू फक्त गुरुत्वाकर्षणाच्या वेगवाढीने खाली येऊ शकते. तिच्याखालचा आधार त्याहून भराभर खाली गेला की ती हवेत राहते. कॅरियर किती हादरला म्हणजे बॅगेवर ही वेळ येते? उत्तर ऐकून मला स्वतःला पटेना, म्हणून कागदावर दोनदा मांडलं. कॅरियर सेकंदाला पाच वेळा हलत असेल, तर मधल्या पातळीपासून एक सेंटिमीटर वर आणि एक सेंटिमीटर खाली, एवढं हलणं पुरतं. सेकंदाला दहा वेळा हलत असेल तर अडीच मिलिमीटर. खड्ड्यांचा घाटरस्ता एवढं सहज देतो, गतिरोधक तर त्याहून बराच जास्त देतो.

बॅग उडाली की रबरी दोर तिला परत खाली खेचतो, पण खेचण्यापूर्वी तो स्वतः थोडा लांबतो. त्या क्षणी बॅग केसभर बाजूला सरकून खाली येते. पुढच्या खड्ड्याला पुन्हा केसभर. घाटात वळणं असतात, म्हणजे आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे. दर वेळी ती पूर्वीच्या जागी येतेच असं नाही. अशी सरकत सरकत ती एका बाजूला कलते, दोर तिच्या गोल खांद्यावरून निसटतो, आणि मोकळा झालेला दोर कॅरियरवर आडवा पडतो. आकडे जागच्या जागी! मला फाट्यावर नेमकं हेच चित्र दिसलं होतं. चोराने आकडा काढला असता.

म्हणून उपाय दुहेरी आहे : न ताणणारा एक पट्टा बॅगेच्या कडीतून ओवून कॅरियरच्या पाइपला, म्हणजे बॅग कलली तरी सुटणार नाही, आणि वरून रबर, म्हणजे मुरलं तरी सैल पडणार नाही. आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतरचा चहा हा चहासाठी कमी आणि पट्टा पुन्हा आवळण्यासाठी जास्त घ्यावा. मी त्या दिवशी पौडला चहा घेतला होता. फक्त चहाच घेतला.

३. पडल्याचं कळत का नाही?

ऐकणाऱ्यांना याचं फार नवल वाटतं. "चार किलोची बॅग पडली आणि तुला कळलं नाही?"

गाडी १९० किलो, मी ७५, बाकी सामान धरून पावणेतीनशेच्या घरात. त्यातले चार किलो गेले म्हणजे दीड टक्का. दुसरं उदाहरण घ्या. पाच लिटर पेट्रोलचं वजन साधारण ३.७ किलो भरतं. म्हणजे टाकीतलं पाच लिटर पेट्रोल जळालं की गाडी जवळजवळ एका कॅमेरा-बॅगेइतकी हलकी होते. कधी जाणवलं का?

पेट्रोल हळूहळू जातं आणि बॅग एकदम, हे खरं. पण ती जाते गतिरोधकावर किंवा खड्ड्यात, ज्या क्षणी तसाही सगळ्या गाडीला दणका बसलेला असतो. कानांवर हेल्मेट, त्यात पाऊस. आरशात दिसतात ते आपलेच खांदे आणि रेनकोटची फडफड. रेनकव्हर घातलेली बॅग तर आरशात नसतेच.

४. शोधायचं कुठे?

फाट्यावर माझा मित्र म्हणाला, "चल, सगळा रस्ता उलटा बघत जाऊ." भावना योग्य होती, पण घाटात धुकं असताना चाळीसेक किलोमीटरचा रस्ता दोन्ही बाजूंनी बघत जाणं म्हणजे दिवस मावळला. आधी बसून रस्ता तोडायला हवा.

पहिला प्रश्न असा, की बॅग नक्की होती याचा शेवटचा पुरावा कुठला? आठवणीवर जाऊ नका. आठवण शेवटच्या थांब्यावरची बॅग दाखवते ती सवयीने. पुरावे खिशात असतात. चहाचे वीस रुपये यूपीआयने दिले असतील तर मिनिटासकट नोंद आहे. फोनमधल्या प्रत्येक फोटोला वेळ आहे. आम्ही मुळशीच्या पुढे धबधब्यापाशी मक्याची कणसं खाल्ली होती, त्याचे पैसे ८ वाजून ५० मिनिटांनी गेले होते. आणि ८ वाजून ५२ मिनिटांनी मित्राने कणीस खाणाऱ्या माझा फोटो काढला होता. मी त्यात विचित्र दिसतोय, पण उजव्या कोपऱ्यात गाडीचा मागचा भाग आहे आणि त्यावर निळ्या रेनकव्हरचा तुकडा. बॅग ८.५२ ला होती. चाळीस किलोमीटरचे अठरा झाले.

दुसरा प्रश्न : अठरा किलोमीटरात कुठे? आपण वर पाहिलं की बॅग हादऱ्याने सुटते. म्हणजे गतिरोधक, पुलाचा सांधा, रस्ता उखडलेला पट्टा, खडबडीत रस्त्यावरचं वळण. सरळ गुळगुळीत रस्ता जलद ओलांडायचा आणि या जागांवर पायी उतरायचं.

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि तोच महत्त्वाचा : त्या जागेच्या अलीकडे की पलीकडे, आणि रस्त्याच्या कोणत्या कडेला? कॅरियरवरून सुटलेल्या बॅगेला गाडीचाच वेग असतो. धावत्या बसमधून उतरणारा माणूस पुढे धावत जातो तसं. समजा वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. कॅरियरची उंची ८० सेंटिमीटर. तेवढं खाली पडायला सुमारे ०.४ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात बॅग साडेचार मीटर पुढे गेलेली असते. मग ओल्या डांबरावर घसरत आणखी पंधराएक मीटर. म्हणजे गतिरोधकापासून वीसेक मीटर पुढे, आपण जात होतो त्या दिशेला. लोक गतिरोधकाशीच वाकून बघतात आणि हताश होऊन निघतात.

वळणावर तर आणखी एक गोष्ट होते. गाडी वळते, सुटलेली बॅग वळत नाही, ती सुटली त्या क्षणीच्या सरळ रेषेत जाते. म्हणून ती नेहमी वळणाच्या बाहेरच्या कडेला सापडते. रस्ता उजवीकडे वळत असेल तर डाव्या कडेला, डावीकडे वळत असेल तर समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला. आणि घाटात बाहेरची कड कधी डोंगराची असते, कधी दरीची.

तिसऱ्या जागी, एका उजव्या वळणाच्या आधी रस्ता खचून आडवी खोबण पडली होती. तिथून पंचवीस-तीस पावलांवर, डाव्या कडेला, कठड्याच्या पायथ्याशी लेन्सचं मागचं टोपण पडलेलं होतं. काळं, प्लास्टिकचं, आत पाणी साचलेलं. बॅग नव्हती.

५. सापडणाऱ्याचा हक्क

बॅग पुढे दोन फर्लांगांवर होती, रस्त्यालगतच्या जांभळीच्या फांदीला टांगलेली. झाडाखाली इरलं घेतलेले एक आजोबा गुरं राखत होते.

"तुमचीच का वो? मंग म्हणलं, जो असंल त्यो उलटा येईलच. खाली ठिवली तर गुरं तुडिवत्यात, म्हून टांगली."

मी नुसताच हात जोडून उभा राहिलो. त्यांनी बॅग काढून दिली आणि सरळ म्हणाले, "तासभर झाला हितंच हाय मी. चहापाण्याचं बघा." मित्राच्या कपाळाला आठी पडली. मला ते बोलणं आवडलं, आणि मी पाचशे रुपये दिले. शिवाय कायदाही आजोबांच्याच बाजूने आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा याबाबत फार शहाणा आहे. कलम ७१ म्हणतं की दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर ती विश्वासाने ठेवायला दिल्यासारखी सांभाळण्याची जबाबदारी येते. उचलली नाहीत तर काही नाही, उचललीत तर जपा. कलम १६८ म्हणतं की मालक शोधण्यात आणि वस्तू जपण्यात स्वखुशीने घेतलेल्या त्रासाबद्दल सापडणाऱ्याला दावा लावता येत नाही, पण भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून मात्र ठेवता येते. आणि मालकाने ठराविक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी तो दावाही लावू शकतो. म्हणून 'आणून देणाऱ्यास पाच हजार' असं घाईत लिहू नये.

उलट बाजूही आहे. मालक कळण्याजोगा असताना वस्तू स्वतःचीच करून टाकली, तर तो अप्रामाणिक अपहार ठरतो. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१४ मध्ये आहे. यातले कळीचे शब्द 'मालक कळण्याजोगा' हे आहेत. तुमच्या बॅगेत तुमचा फोन नंबर कुठे आहे? माझ्या बॅगेत नव्हता. आता कार्ड फॉरमॅट केलं की मी पहिला फोटो माझ्या नावाच्या आणि नंबरच्या चिठ्ठीचा काढतो आणि तो पुसला जाऊ नये म्हणून कुलूप लावून ठेवतो. कॅमेरा चालू करून फोटो पाहणाऱ्याला तो दिसतोच.

बॅग सापडली नाही तर पोलिसांत नोंद करायची. नुसती हरवली असेल तर हरवल्याची तक्रार, चोरीचा संशय असेल तर गुन्हा. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. तिथे कॅमेऱ्याचा अनुक्रमांक विचारतात. खोका रद्दीत गेला असेल तर घरी त्याच कॅमेऱ्याने काढलेला एखादा मूळ फोटो उघडा. बरेच डिजिटल कॅमेरे स्वतःचा क्रमांक प्रत्येक फोटोच्या पोटात लिहून ठेवतात. विमा असेल तर त्यात 'चोरी' एवढंच आहे की 'हरवणं'ही आहे, हे घेतानाच वाचावं. अनेक पॉलिसी गाडीवर मोकळ्या सोडलेल्या सामानाला हात लावत नाहीत.

बॅगेत ब्लूटूथचा टॅग टाकण्याचा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. टाका, पण तो काय करतो ते कळू द्या. तो स्वतः उपग्रहाशी बोलत नाही. जवळून जाणाऱ्या अनोळखी लोकांचे फोन त्याची हाक ऐकून पुढे कळवतात. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर तो दर मिनिटाला सापडेल. लडाखमधल्या मोरे मैदानात, जिथे दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम मुळात चालतच नाही, तिथे त्याची हाक याकच ऐकणार.

६. न पडताही हरवतं

बॅग घरी आणून उघडली. कॅमेरा ओला, झूम लेन्स हलवली की आत खुळखुळा वाजत होता. दुरुस्ती करणाऱ्याने ती उघडून दाखवली, तेव्हा आतले दोन बारीक स्क्रू मोकळे फिरत होते. तो म्हणाला, हे पडल्यामुळे नाही, हे वर्षभराचं काम आहे.

घट्ट बसलेली अंगठी सरळ ओढून निघत नाही. पण इकडून तिकडे फिरवत ओढली की येते, कारण बाजूने एकदा घसरायला लागलेल्या वस्तूची पकड दुसऱ्या दिशेनेही सुटलेली असते. स्क्रूचं तसंच. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या अभियंत्याने प्रयोगाने दाखवून दिलं की आवळलेले नट-बोल्ट सर्वांत लवकर ढिले पडतात ते आडव्या कंपनांनी. आडवी घसरण सुरू झाली की बोल्ट आपसूक उलटा फिरू लागतो. साडेतीनशे सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या मारतं, म्हणजे सेकंदाला ५० थरथरी. तासाला १ लाख ८० हजार. कॅरियर तर गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेला.

फोनही यातून सुटत नाही. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून फोनच्या लेन्सला आत सूक्ष्म हालचालीची सोय दिलेली असते. २०२१ मध्ये अ‍ॅपलने स्वतःच इशारा दिला की मोठ्या मोटारसायकलींच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी ही व्यवस्था बिघडू शकते. हँडलवर फोन लावून नकाशा बघणाऱ्यांनी निदान थरथर शोषणारा स्टँड घ्यावा.

सगळ्यांत चांगली गादी म्हणजे आपलं शरीर. पाठीवरच्या बॅगेपर्यंत थरथर पोचते ती मांड्या, कंबर, पाठ यांतून गाळून. पण गाडी घसरली तर पाठीच्या कण्याखाली दीड किलोची लेन्स येते, म्हणून मी मोठी लेन्स पाठीवर नेत नाही. कॅमेरा पोटाशी, टाकीवरच्या बॅगेत. लेन्स कॅमेऱ्यावरून काढून, कपड्यांत गुंडाळून, बाजूच्या पेटीत मधोमध.

ओल्या कॅमेऱ्याबद्दल एकच : चालू होतो का ते बघू नका. आधी बॅटरी काढा. पाणी स्वतः वाळतं, पण त्यातून वीज वाहिली की धातूचे सांधे गंजायला लागतात. तांदळात पुरून काही होत नाही, पिठूळ धूळ मात्र आत जाते. मी अर्थातच लगेच बटण दाबून पाहिलं होतं.

७. दोन ग्रॅम

कॅमेरा तिथेच संपला. कार्ड शाबूत निघालं. टपाल तिकिटाएवढं, जेमतेम दोन ग्रॅम वजनाचं. चार किलोच्या बॅगेत दुकानात परत मिळणार नाही अशी गोष्ट म्हणजे हे दोन ग्रॅम, आणि तेच आपण कॅमेऱ्यात ठेवून देतो.

जर्मन फौजा पॅरिसच्या जवळ येत होत्या तेव्हा युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापाच्या डार्करूमचं काम बघणाऱ्या चिकी वाइसने कापाच्या निगेटिव्ह पाठपिशवीत भरल्या आणि सायकलवरून बोर्दो गाठलं. तिथे त्या दुसऱ्याच्या हाती सोपवल्या आणि त्या दिसेनाशा झाल्या. स्पेनच्या यादवी युद्धातल्या, कापा, गेर्डा तारो आणि डेव्हिड सीमूर यांच्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह. २००७ मध्ये त्या मेक्सिको सिटीतून न्यूयॉर्कला पोचल्या. वाइसने त्या दिवशी पिशवीत निगेटिव्ह भरल्या होत्या, कॅमेरे नाहीत.

मुक्कामाला पोचलं की मी आता पहिलं कार्ड काढतो, फोटो फोनमध्ये किंवा छोट्या डिस्कवर उतरवतो आणि कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात टाकतो. हात-पाय नंतर धुतो.

राहिली काकांची लेन्स. बाहेरच्या कप्प्याची चेन उघडी होती. बॅग कठड्याला आपटली तेव्हा टोपण निसटून अलीकडे पडलं, आणि लेन्सची सरळ रेषा कठड्याच्या फटीतून पलीकडे गेली असावी. त्या आठवड्यात आम्ही दोनदा गेलो. मित्र दोर बांधून वीसेक फूट खाली उतरला. कारवी कमरेइतकी वाढली होती, खाली ओढ्याचा आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये कारवी वाळल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा त्या आजोबांनीच वरून ओरडून सांगितलं, "आरं बाबा, पावसाच्या पान्यानं पार विळ्याला न्हेली आसंल ती!"

काकांना मी दिवाळीत सांगितलं. त्यांनी टोपण हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हे मूळचं नाहीच. मूळचं मी महाबळेश्वरला हरवलं होतं."